तालीम त्यांची, हिशेब आपला



गणपतीच्या कार्यक्रमात मुलीने एकांकिकेत चांगलं काम केलं की आपल्याला कोण आनंद होतो! व्हिडिओ त्याच रात्री पुण्याला, नागपूरला पोचतो आणि 'अगदी आत्यावर गेलीय हो' असा निर्वाळा तिकडून येतो. तीच मुलगी ज्युनियर इयरला एका संध्याकाळी जेवताना म्हणते, 'मला कॉलेजसाठी थिएटरची ऑडिशन द्यायचीय. स्कॉलरशिप असते त्यात.' मग मात्र कौतुक ओसरतं. बाबा विचारतात, 'बरं, आणि मेजर कशात?' आई म्हणते, 'आधी एसएटीचं बघ.'

मी इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळातल्या मुलांची नाटकं बसवते. ऑडिशनच्या तयारीसाठी त्यांतली काही मुलं माझ्या बेसमेंटमध्ये येतात. मुलांशी फार बोलावं लागत नाही, बोलावं लागतं ते त्यांच्या आईबाबांशी. या सगळ्या प्रकरणात मुलांचं काम वेगळं आणि आपलं वेगळं, पण आपण नेमकी त्यांची अदलाबदल करतो. मोनोलॉगमधले उच्चार, हातवारे, कपडे, सगळ्यात लुडबुड करतो. पैशाचा विषय निघाला की मात्र 'ते आम्ही बघू, तू अभ्यास कर' म्हणून मुलांना बाहेर ठेवतो. व्हायला पाहिजे बरोबर उलटं.

आधी हे समजून घेऊ की 'थिएटर स्कॉलरशिप' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे बीएफएच्या, म्हणजे मुख्यतः नाटकच शिकवणाऱ्या पदवीच्या, प्रवेशाची ऑडिशन. अमेरिकेत नाटकाची पदवी द्यायला सुरुवात केली ती आज कार्नेगी मेलन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, १९१४ मध्ये. ज्युलियार्डचा नाट्यविभाग १९६८ चा. अशा नामांकित ठिकाणी शेकड्यांनी, कधी हजारांनी मुलं येतात आणि जागा वीसच्या आसपास असतात. इथे ऑडिशनवर प्रवेश ठरतो, पैसे ठरतीलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी मदत घरच्या उत्पन्नावर मिळते. आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांत तर गुणांवर किंवा कलेवर स्कॉलरशिप हा प्रकारच नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडे कमी लोकांना माहीत असते. कितीतरी लहान खासगी कॉलेजं आणि काही स्टेट युनिव्हर्सिट्या स्वतःच्या पैशातून टॅलेंट स्कॉलरशिप देतात. त्यासाठी विभागातले दोन-तीन प्राध्यापक ऑडिशन घेतात. अनेक ठिकाणी थिएटर मेजर असण्याची अटही नसते. मुलीने कॉम्प्युटर सायन्स करावं, पण दर सेमिस्टरला एखाद्या नाटकात काम करावं किंवा पडद्यामागे राबावं, एवढीच अपेक्षा. 'मेजर कशात' या प्रश्नाचं उत्तर बाबांना इथे मिळू शकतं.

तिसरी गोष्ट कॉलेजबाहेरच्या स्पर्धांची. 'यंगआर्ट्स' ही संस्था १९८१ पासून १५ ते १८ वयाच्या कलावंत मुलांना रोख पुरस्कार देते, सर्वांत मोठा १०,००० डॉलरचा. हायस्कूलमध्ये 'थेस्पियन ट्रूप' असेल तर मुलीला त्यात जरूर जाऊ द्या. असे ट्रूप ज्या संघटनेचे असतात, ती १९२९ पासूनची आहे. तिच्या महोत्सवांत एकाच ऑडिशनला अनेक कॉलेजांची माणसं हजर असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसला 'युनिफाइड' ऑडिशन होतात, तिथेही एका फेरीत पुष्कळ कॉलेजं उरकतात. विमानाचं आणि हॉटेलचं भाडं वाचतं. शिवाय बरीच कॉलेजं आता व्हिडिओवर किंवा झूमवरही ऑडिशन घेतात, तेव्हा फेब्रुवारीच्या बर्फात प्रत्येक कॉलेजपर्यंत गाडी हाकायची गरज नाही.

आपल्या लोकांना सगळ्यात आधी बघावा लागतो तो व्हिसा. फाफ्सा हा केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज. तो मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. एच-फोरवरच्या, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर इथे राहणाऱ्या, मुलांना त्यातून ग्रँट मिळत नाही की कर्ज मिळत नाही. टॅलेंट स्कॉलरशिप मात्र कॉलेजचा स्वतःचा पैसा असल्याने ती कोणाला द्यायची हे कॉलेज ठरवतं, आणि अनेक ठिकाणी व्हिसा आडवा येत नाही. तरी तीन प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरं जपून ठेवा. एच-फोरवरच्या मुलाला ही स्कॉलरशिप मिळते का? एकविसाव्या वर्षी एच-फोर संपून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं तर ती पुढे चालू राहते का, आणि फीचा दर बदलतो का? पैसे सेट बनवण्याच्या वर्कशॉपमधल्या कामाचा पगार म्हणून देतात की फीतून वजा करतात? कारण एच-फोरवरच्या मुलांना नोकरीची परवानगी नाही. पगाराच्या रूपाने आलेली 'स्कॉलरशिप' त्यांच्या कामाची नाही.

आता प्रत्यक्ष ऑडिशन. खोलीत एक टेबल, मागे दोन-तीन माणसं, त्यांच्यासमोर कागद आणि पाण्याच्या बाटल्या. मुलगी आत जाते, नाव सांगते, कुठल्या नाटकातला उतारा करणार ते सांगते आणि सुरू करते. बहुतेक ठिकाणी दोन मोनोलॉग लागतात आणि ते एकमेकांपेक्षा वेगळे असावे लागतात. एक गंभीर आणि एक हलका, किंवा एक आजचा आणि एक शेक्सपिअरच्या वळणाचा. प्रत्येक एक ते दीड मिनिटाचा. वेळ संपली की मध्येच थांबवतात, त्याचा अर्थ आवडलं नाही असा नसतो. म्युझिकल थिएटर असेल तर गाण्याचा सोळा किंवा बत्तीस बारचा तुकडा आणि नाचाची चाचणी वेगळी. उतारा छापलेल्या, पूर्ण नाटकातला लागतो. इंटरनेटवर ऑडिशनपुरते लिहिलेले सुटे मोनोलॉग मिळतात, त्यांच्या नादी लागू नये. आणि नाटक अख्खं वाचलेलं हवं, कारण नंतरच्या गप्पांत त्यावर प्रश्न येतात.

मंडळात तयार झालेल्या मुलांची एक खास अडचण असते. आपला हॉल म्हणजे तीनशे माणसं, वरून लोंबणारा एखादा माइक, पुढच्या रांगेत पळापळी करणारी पोरं आणि मागे बटाटेवड्यांची लगबग. त्यात काम करून करून वाक्य शेवटच्या खुर्चीपर्यंत फेकायची सवय जिभेला लागते. ऑडिशनची खोली असते वर्गाएवढी. तिथे तोच आवाज समोरच्याच्या अंगावर येतो. घरी आपण पुन्हा म्हणतो, 'मोठ्याने बोल, ऐकू येत नाहीये!'

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी माझ्यासमोर बहीणभावाच्या भांडणाचा उतारा करत होती. घरी आईने बसवून दिलेला. 'तू निघून गेलास' म्हणताना उजवा हात दाराकडे, 'मी राहिले' म्हणताना तोच हात छातीवर. दर वेळी अगदी तसंच. मी म्हटलं, 'आता हेच पुन्हा कर. फक्त भाऊ शेजारच्या खोलीत आत्ताच झोपलाय. त्याला जाग येता कामा नये.' ती गोंधळली. दोन वाक्यं चुकली, मग थांबून पुन्हा सुरुवात केली. आवाज खाली आला तसे हातही आपोआप खाली आले. 'मी राहिले' हे तिने जमिनीकडे बघत, जवळजवळ स्वतःशीच म्हटलं, आणि पहिल्यांदाच ते वाक्य तिचं वाटलं. जिन्यात उभी राहून ऐकणारी आई म्हणाली, 'पण हात राहिले की!'

परीक्षक नेमकं हेच करतात. 'छान. आता हेच असं करून बघ' म्हणतात. त्यांना काम किती पक्कं बसलंय ते बघायचं नसतं, सांगितल्यावर मुलगी किती बदलू शकते ते बघायचं असतं. चार वर्षं तिला त्यांनाच शिकवायचं आहे. घरी घोटून घोटून कोरलेला मोनोलॉग या एका सूचनेवर कोसळतो. म्हणून विनवणी आहे, दिग्दर्शन करू नका. शाळेतल्या नाटकाच्या शिक्षकांना करू द्या.

उताऱ्याच्या निवडीतही तेच. नाटकाची आवड असलेल्या घरांत हमखास सुचवलं जातं ते 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधलं बेणारेबाईंचं शेवटचं स्वगत. तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ चं, प्रिया आडारकर यांचा इंग्रजी अनुवाद छापलेला आहे, म्हणजे भाषांतरित नाटक चालतं तिथे ते नियमात बसतं. पण बेणारे ही तिशी ओलांडलेली, आयुष्याने पोळलेली शिक्षिका. परीक्षकांना सतरा वर्षांची मुलगी सतरा वर्षांची म्हणून बघायची असते. उलट बाजूने, भारतीय चेहरा म्हणून भारतीयच पात्र करायला हवं असाही नियम नाही. राजीव जोसेफ यांच्या 'गार्ड्स अ‍ॅट द ताज' मधले १६४८ सालच्या आग्र्याचे पहारेकरी एखाद्याला भावतील, एखाद्याला चेकॉव्हच जवळचा वाटेल. वाचायला पुस्तकं आणून द्या, निवडू त्यांना द्या.

शेवटी दोन-चार मिनिटं गप्पा होतात. अलीकडे काय पाहिलं, नाटक का करावंसं वाटतं, असं विचारतात. इथे पाठ केलेली उत्तरं देऊ नयेत. मंडळाच्या प्रयोगात ऐनवेळी पडदा अडकला आणि हिने रंगमंचावर दोन मिनिटं वेळ मारून नेली, ही हकिगत तिने स्वतःच्या शब्दांत सांगितली तर ती पुरते.

ज्यांची मुलं तोंडाला रंग लावत नाहीत, पण प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा किंवा स्टेज मॅनेजमेंटमध्ये रमतात, त्यांनीही हे वाचावं. त्यांनाही स्कॉलरशिप असतात. ऑडिशनऐवजी मुलाखत आणि पोर्टफोलिओ असतो. सेटचे फोटो, रेखाटनं, लाइट प्लॉट, खुणांनी भरलेली प्रॉम्प्टबुक हे सगळं त्यात येतं. अभिनयासाठी रांग लागते, तेवढी गर्दी इकडे नसते. तेव्हा मुलाने मंडळाच्या नाटकासाठी प्लायवूडचा वाडा उभा केला असेल तर तो मोडण्याआधी नीट फोटो काढून ठेवा.

आता आपल्या कामाकडे येऊ. सीनियर इयरच्या आधीचा उन्हाळा हा हिशेबाचा काळ. २०११ पासून केंद्राची मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' ठेवावा लागतो. उत्पन्न आणि शिल्लक भरली की आपल्याला साधारण किती पडेल याचा अंदाज येतो. यादीतल्या प्रत्येक कॉलेजसाठी तो भरा. आयटीतल्या दोन पगारांच्या घराला गरजेवरची मदत फारशी मिळत नाही, हे तिथेच कळतं. २०२४-२५ पासून फाफ्साच्या गणितात आणखी एक बदल झालाय. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली तरी आता त्याची वेगळी सूट धरत नाहीत. पाठीला पाठ लावून आलेली भावंडं असतील तर हे ध्यानात घ्या.

मग मुलीला समोर बसवा आणि आकडा सांगा. 'आम्ही वर्षाला एवढे डॉलर देऊ शकतो. त्याच्यावर नाही. धाकट्याचं कॉलेज आहे, आजीचं औषधपाणी आहे.' अंथरूण किती आहे हे तिला माहीतच नसेल तर पाय किती पसरायचे हे ती ठरवणार कशी? पैशाची गोष्ट मुलांपुढे काढू नये असं आपल्याला घरून शिकवलेलं असतं. पण ऑगस्टमध्ये न सांगितलेला आकडा एप्रिलमध्ये सांगावा लागतो, तोवर तिने त्या कॉलेजचा स्वेटशर्ट घेतलेला असतो.

वेळापत्रक आपण सांभाळावं. कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला उघडतं. फाफ्सा आणि काही कॉलेजं मागतात तो मदतीचा दुसरा अर्ज, सीएसएस प्रोफाइल, साधारण १ ऑक्टोबरपासून. अनेक कॉलेजं आधी प्रीस्क्रीन व्हिडिओ मागतात, त्यांच्या तारखा बऱ्याचदा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या, म्हणजे ऐन दिवाळीतल्या. प्रत्यक्ष ऑडिशन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निकाल १ एप्रिलपर्यंत आणि होकार १ मेपर्यंत. अर्जाची फी आणि ऑडिशनची फी कधी कधी वेगवेगळी असते. परवडत नसेल तर माफीसाठी विचारायला लाजू नका.

पत्रं आली की पहिल्या ओळीतलं 'अभिनंदन' बाजूला ठेवून शेवटची बेरीज बघा. समजा एका खासगी कॉलेजचा फी, राहणं, जेवण मिळून खर्च ६२,००० आणि थिएटर स्कॉलरशिप १२,०००. राहिले ५०,०००. आपल्या स्टेट युनिव्हर्सिटीचा खर्च ३१,०००, स्कॉलरशिप फक्त ३,०००. राहिले २८,०००. मोठी स्कॉलरशिप पहिल्या ठिकाणी, पण चार वर्षांत ८८,००० डॉलर वाचतात ते दुसऱ्या ठिकाणी. पत्रात कर्जंही मदतीच्या यादीत मांडलेली असतात, ती वेगळी काढा. पालकांच्या नावाचं कर्ज ही मदत नव्हे.

मग अटी वाचा. स्कॉलरशिप एका वर्षाची की चारही वर्षांची? किती जीपीए टिकवावा लागतो? मेजर बदललं तर जाते का? दर सेमिस्टरला नाटकात काम करणं सक्तीचं आहे का, आणि भूमिका मिळाली नाही तर पडद्यामागचं काम चालतं का? फी दर वर्षी वाढते, स्कॉलरशिप मात्र तेवढीच राहते, हे धरून चालावं. बाहेरची एखादी स्कॉलरशिप मिळाली तर काही कॉलेजं तेवढी आपली मदत कमी करतात, तेही विचारून घ्या. कराचं म्हणाल तर फी आणि आवश्यक पुस्तकांवर खर्च झालेली स्कॉलरशिप करमुक्त असते, राहण्याजेवणावर गेलेली रक्कम करपात्र. कॉलेजसाठीच्या ५२९ बचत खात्यात पैसे साठवले असतील तर करमुक्त स्कॉलरशिपएवढी रक्कम दहा टक्के दंडाशिवाय काढता येते, फक्त त्यावरच्या वाढीवर कर लागतो.

आकडा कमी पडत असेल तर फोन करा. आपल्यातल्या कित्येकांना हे मंडईतल्या घासाघिशीसारखं वाटतं, म्हणून ते मुकाट्याने नाही म्हणून टाकतात. इथे फायनॅन्शियल एड ऑफिसला विनंती करणं ही रोजची बाब आहे. दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडा, नोकरी गेली असेल किंवा दवाखान्याचा मोठा खर्च झाला असेल तर कागद जोडा, सभ्य भाषेत विचारा. नाट्यविभागाला मुलीची गरज असेल तर तिथले प्राध्यापकही तिच्यासाठी शब्द टाकतात. नाट्यविभागाला फोन मात्र मुलीने करावा. पुढची चार वर्षं त्या लोकांबरोबर काम तिला करायचंय.

नकार येतीलच. तेव्हा 'आम्ही सांगत होतो' हे वाक्य गिळा. वीस जणांचा वर्ग निवडताना उंची, आवाज, स्वभाव, आधी कोण निवडलं गेलंय, सगळ्याचा मेळ बघतात. एका ठिकाणी पहिल्या फेरीत गळलेल्या मुलीला दुसरीकडे स्कॉलरशिप मिळाल्याचं मी पाहिलंय. तसंच स्कॉलरशिप मिळाली म्हणजे भाकरीची सोय झाली असंही नाही. मेरीलँडमध्ये वाढून न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश स्कूलमधून शिकलेला उत्कर्ष अंबुडकर आज टीव्हीवर दिसतो, म्हणून प्रत्येकाचं तसं होत नाही. ज्यांना ही धास्ती वाटते त्यांनी बीएचा पर्याय मुलांशी बोलावा. बीएफएत साधारण दोन तृतीयांश अभ्यास नाटकाचाच असतो. बीएत बराच कमी, त्यामुळे दुसरं मेजर जोडायला जागा उरते. पण हे बोलणं उन्हाळ्यात, शांत डोक्याने व्हावं. ऑडिशनच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत नको.

तेव्हा या शनिवारी-रविवारी दोनच कामं करा. मोनोलॉग कुठला निवडलास एवढं तिला विचारा, आणि ती होऊन म्हणून दाखवेपर्यंत पुढे काही विचारू नका. दुसरं, तुमचा आकडा कागदावर लिहा आणि तो तिला वाचू द्या. एप्रिलमध्ये पत्रं पसरून बसाल तेव्हा कदाचित तिच्या लाडक्या कॉलेजला नाही म्हणावं लागेल. तेव्हा वाईट वाटेल, रडूही येईल. पण तो निर्णय तिच्यावर लादलेला नसेल, तिने तुमच्याबरोबर बसून घेतलेला असेल. अठराव्या वर्षी घराबाहेर पडणाऱ्या मुलीला हे येत असणं कुठल्याही स्कॉलरशिपइतकंच गरजेचं आहे.